आधी चुंबक, मग माप: ठोकळ्यांतून नाणी वेगळी करणारं यंत्र

लेगोचे ठोकळे जोडायला बसण्याआधी गल्ल्यातली मूठभर चिल्लर टेबलावर ओतावी आणि व्हर्निअर कॅलिपरने एकेक नाणं मोजून घ्यावं. जळगावातल्या एका किराणा दुकानाचा गल्ला समोर ठेवून आम्ही हे यंत्र बांधलं, तेव्हा पहिला अख्खा दिवस या मोजणीतच गेला. तो वाया गेला नाही, कारण यंत्राचा सगळा आराखडा त्या आकड्यांमधूनच निघाला.

परदेशी आराखडे पाहून बांधायला गेलं तर इथे हमखास घोळ होतो. त्या आराखड्यांची कल्पना अशी असते: नाणं कडेवर उभं राहून उतारावरून गडगडत जातं, मागच्या भिंतीत चढत्या उंचीच्या खिडक्या असतात, आणि ज्या खिडकीत नाणं मावेल तिथून ते मागे पडतं. प्रत्येक किमतीचं नाणं एकाच मापाचं असेल तर हे बिनचूक चालतं. आपल्याकडे एकाच किमतीची दोन-तीन मापांची नाणी एकाच वेळी चलनात आहेत.

मोजून आलेले आकडे असे. २०११ च्या मालिकेतला, ₹ चिन्ह असलेला १ रुपया २२ मिलिमीटरचा, २०१९ च्या मालिकेतला २० चा. २ रुपये २०११ चे २५ मिमी, २०१९ चे २३. ५ रुपयांचं मात्र उलट झालं आहे: पितळी रंगाचं जुनं २३ मिमी, २०१९ चं २५. १० रुपये २७ मिमी आणि बारा कडांचे २० रुपयेही २७ मिमी. २०११ च्या मालिकेआधीचा, म्हणजे १९९२ पासून सुमारे वीस वर्षं पाडलेला स्टीलचा १ रुपया २५ मिमीचा आहे, तर २००७ च्या मालिकेतलं दोन बोटांच्या मुद्रेचं २ रुपयांचं नाणं २७ मिमीचं. म्हणजे २५ मिमीच्या भोकातून पडलेलं नाणं १, २ किंवा ५ यांपैकी काहीही असू शकतं. २३ मिमीचं २ किंवा ५. नुसत्या मापावर निवडायला गेलं की डब्यात खिचडी होते.

सुटका धातूत आहे. १ आणि २ रुपयांची चालू नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची आहेत आणि चुंबकाला चिकटतात. ५ रुपयांची पितळी नाणी, तसंच १० आणि २० ची दुहेरी धातूची नाणी चिकटत नाहीत. आधी चुंबकाने दोन ढीग केले की पुढचं चित्र एकदम स्वच्छ होतं. स्टीलच्या ढिगात २० आणि २२ मिमी म्हणजे १ रुपया, २३ आणि २५ म्हणजे २ रुपये. पितळेच्या ढिगात २३ आणि २५ दोन्ही ५ रुपये, आणि २७ म्हणजे १० किंवा २०. मापं सलग आली, मध्ये दुसऱ्या किमतीचं नाणं घुसत नाही. अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

आता ठोकळ्यांकडे. लेगोच्या ठोकळ्याची मापं पाठ असावीत असं आमचं मत आहे, कारण इथे प्रत्येक निर्णय त्यांवरच होतो. स्टड म्हणजे ठोकळ्याच्या वरची गोल बोंडं; दोन स्टडांमधलं अंतर ८ मिमी. ठोकळ्याची उंची ९.६ मिमी. प्लेट म्हणजे चपटा ठोकळा, उंची त्याच्या एक तृतीयांश, ३.२ मिमी. टाइलही ३.२, फक्त तिच्यावर स्टड नसतात. स्टडची उंची सुमारे १.७ मिमी. या जोडणीचं पेटंट १९५८ सालचं आहे आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्याला बसतो, इतकं हे माप पक्कं धरलेलं आहे.

आता ३.२ चा पाढा म्हणा. सात प्लेटा म्हणजे २२.४ मिमी. आठ प्लेटा म्हणजे २५.६. नाण्यांच्या आकड्यांशेजारी हे ठेवून पाहा: २२.४ मिमीच्या खिडकीतून २० आणि २२ ची नाणी जातात, २३ चं अडतं. २५.६ मधून २३ आणि २५ ची जातात, २७ चं अडतं. कुठेही कापाकापी न करता, नुसत्या प्लेटा मोजून, आपल्याला हव्या त्या दोन्ही जागा मिळतात. हा योगायोग आहे, पण फार उपयोगी योगायोग आहे.

दुसऱ्या कंपन्यांचे, लेगोला जुळणारे ठोकळे स्वस्त मिळतात आणि बरेचसे चालतातही. मात्र वापरण्याआधी दहा प्लेटा एकावर एक घट्ट दाबून मोजाव्यात. वरचा स्टड सोडून ३२.० मिमी यायला हवेत. ३१.६ आले तर आठ प्लेटांची खिडकी २५.३ ची होते. त्यात २५ चं नवं नाणं कसंबसं जातं आणि कडेला मळ बसलेलं अडकतं. भिंतीत दोन बनावटींच्या प्लेटा मिसळू नयेत. खालचा आधार, टेकू, नाणी ओतायची वाटी अशा ठिकाणी काहीही लावलं तरी बिघडत नाही.

सामान सांगतो. ३२ × ३२ स्टडांच्या दोन बेसप्लेट, म्हणजे पायाच्या पाट्या; दोन्ही मिळून ५१ सेंमी लांबी. १ × ४, १ × ६ आणि १ × ८ चे मिळून दीडशेच्या आसपास ठोकळे. खिडक्यांवर टाकायला १ × १२ आणि १ × १६ चे लांब ठोकळे निदान आठ. १ × ८ प्लेटा वीस-पंचवीस. नाणं ज्यावरून गडगडतं त्या रुळासाठी १ × ८ टाइल सोळा, कारण टाइलांचा थर दोन स्टड रुंद आहे. खिडकीच्या मागच्या कडेसाठी १ × १ च्या उतरत्या टाइल पंचवीस. नाणी एकेक करून रुळावर सोडणाऱ्या भरणी यंत्रासाठी ८ × ८ ची एक गोल प्लेट, छोट्या टाइल, ८ दात्यांचा एक आणि ४० दात्यांचा एक गिअर, तीन-चार ॲक्सल (गिअर बसवायचे दांडे), भोकं असलेले चार टेक्निक ठोकळे. शिवाय ठोकळ्यांबाहेरचं सामान: ५५ × ३० सेंमीचा १२ मिमी प्लायचा तुकडा, मुदत संपलेलं एक एटीएम कार्ड, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, आणि श्रीखंडाचे रिकामे डबे.

प्लाय कशाला, असं वाटेल. बेसप्लेट पातळ असते आणि तिला खालून ठोकळे बसत नाहीत. टेकूंवर नुसतीच ठेवली तर मधोमध झोळ पडतो आणि रूळ वाकतो. रूळ अर्धा मिमी जरी खाली गेला तरी २२.४ ची खिडकी २२.९ ची होते, आणि २३ चं झिजलेलं नाणं १ रुपयाच्या डब्यात पडायला लागतं. म्हणून बेसप्लेट प्लायवर टेपने पक्की चिकटवायची. खानदेशात याला आणखी एक कारण आहे. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत बेसप्लेट ठेवली की ती पापडासारखी वळते आणि नंतर सरळ होत नाही. ठोकळ्यांच्या एबीएस प्लॅस्टिकला तेवढ्या उन्हाने काही होत नाही. वीस अंशांच्या फरकाने २५ मिमीच्या खिडकीत ०.०५ मिमीसुद्धा फरक पडत नाही, तेव्हा ती काळजी नको.

यंत्राला दोन उतार लागतात. एक रुळाच्या दिशेने, नाणं गडगडावं म्हणून. दुसरा मागच्या बाजूला, नाणं भिंतीला टेकून राहावं म्हणून. हे दोन्ही कोन ठोकळ्यांच्या जोडणीत आणायचा प्रयत्न करू नये. बिजागरीच्या प्लेटा लावून आम्ही तसं करून पाहिलं. भिंत हलत राहते आणि खिडकीचं माप दर वेळी बदलतं. त्यापेक्षा सगळं काटकोनात, सरळ बांधायचं आणि मग पूर्ण प्लायच तिरपा करायचा. मागे ढळण्यासाठी पुढची कड ९ ठोकळे उंच करायची. २५.६ सेंमी रुंदीवर ८६.४ मिमी म्हणजे जवळपास २० अंश. गडगडण्यासाठी सुरुवातीची बाजू ८ ठोकळे उंच करायची. ५१.२ सेंमीवर ७६.८ मिमी, म्हणजे साडेआठ अंशांच्या जरासं वर. चार कोपऱ्यांचे टेकू असे येतात: सुरुवातीकडचा पुढचा १७ ठोकळे, सुरुवातीकडचा मागचा ८, शेवटाकडचा पुढचा ९, शेवटाकडचा मागचा शून्य. टेकू निदान ४ × ४ स्टडांचे करावेत आणि वरून टेपने प्लायला चिकटवावेत.

उतार कमी केला तर, सहा अंशांच्या खाली, भिंतीला घासून नाणं मंदावतं आणि मळकं असेल तर थांबतंच. वाढवला तर नाणं खिडकीसमोरून इतक्या वेगात जातं की त्याला मागे कलायला वेळच मिळत नाही. नाण्याची मागची बाजू भिंतीवरून पूर्ण सुटल्यावरच ते कलायला लागतं. कलून पडायला एका सेकंदाचा विसावा भाग लागतो असं धरा. तेवढ्या वेळात, अर्धा मीटर दर सेकंद या वेगाने, ते अडीच सेंमी पुढे सरकलेलं असतं. म्हणून खिडकीची लांबी नाण्याच्या व्यासाइतकी ठेवून भागत नाही. व्यास अधिक तीनेक सेंमी धरावी, आणि पुढे वेग वाढत जातो म्हणून पुढची खिडकी आणखी लांब ठेवावी. आमच्या खिडक्या ७, ८ आणि १० स्टडांच्या आहेत. सुरुवातीला १२ स्टड कोरी भिंत, दोन खिडक्यांमध्ये ३ स्टडांची भिंत. एकूण ४३ स्टड झाले, उरलेल्या २१ स्टडांत शेवटचा डबा.

भिंत अशी उभी करायची. खालचे ८ थर दोन स्टड जाडीचे, म्हणजे मागे श्रीखंडाचा डबा बसण्याइतकी जागा मिळते. त्यावर टाइलांचा थर, पुढची रांग म्हणजे रूळ. जिथे खिडकी आहे तिथे मागची रांगही टाइलचीच हवी, कारण तो खिडकीचा उंबरठा आहे. स्टड राहिला तर नाण्याचा पाय त्याला अडतो आणि ते अर्धं बाहेर अर्धं आत लटकतं. उंबरठ्याच्या मागच्या कडेला उतरत्या टाइल लावल्या की नाणं झटकन घसरतं. टाइलांच्या सांध्यांवरून बोटाचं नख फिरवून पाहावं. नखाला जिथे सांधा जाणवतो तिथे २० मिमीचं हलकं नाणं उडी मारतं. बहुतेक वेळा टाइल नीट दाबलेली नसते, एवढंच.

टाइलच्या वर भिंत एक स्टड जाडीची. खिडकीच्या वरच्या पट्टीला आम्ही दाराच्या चौकटीसारखं गणेशपट्टीच म्हणतो. पहिल्या खिडकीची गणेशपट्टी टाइलच्या वरून सात प्लेटांवर. टाइलचा थर स्वतः एक प्लेट जाडीचा, म्हणून शेजारच्या भिंतीत टाइलच्या तळापासून आठ प्लेटा मोजायच्या: दोन ठोकळे आणि दोन प्लेटा. तिसऱ्या खिडकीची आठ प्लेटांवर, म्हणजे तळापासून नऊ, बरोबर तीन ठोकळे. पहिल्या खिडकीवर मग एक प्लेट टाकून सगळी भिंत एका पातळीत आणायची आणि वरून १ × १६ चे ठोकळे सांधे चुकवून दोन थर फिरवायचे. भिंतीला मागून दर आठ-दहा स्टडांवर दोन स्टडांचा आधार द्यावा, पण खिडकीच्या मागे नाही.

मोजताना टाइलच्या तळापासून आणि टाइलच्या वरून यांत गल्लत होते. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. बांधून झाल्यावर खिडकीत सात प्लेटांची जुडी उभी घालून पाहावी. वरच्या प्लेटेच्या जागी टाइल घेतली की जुडी हलकी सरकत आत गेली पाहिजे, आठवी प्लेट जाता कामा नये.

मधली, दुसरी खिडकी २४ मिमीची आहे आणि ती प्लेटांच्या पाढ्यात येत नाही. तिचं काम असं. स्टीलच्या ढिगातला १९९२ नंतरचा २५ मिमीचा १ रुपया आणि २०११ चे २ रुपये यांचा व्यास एकच, वजनही एकच, दोन्ही ४.८५ ग्रॅम. धातूही तोच. यांत्रिक रीतीने ते वेगळे करता येत नाहीत, डोळ्यांनीच निवडावे लागतात. पण २३ मिमीचे २ रुपये आधीच बाजूला काढले तर निवडायचा ढीग खूप लहान होतो. म्हणून ही खिडकी. ती आठ प्लेटांचीच बांधायची आणि गणेशपट्टीवर पुढून एटीएम कार्डाची पट्टी अशी चिकटवायची की ती १.६ मिमी खाली लोंबेल. २५.६ मधून १.६ गेले, २४ राहिले. कार्डाची जाडी ०.७६ मिमी असते, तेवढी ती भिंतीच्या पुढे येते. सुरुवातीच्या बाजूची तिची कड पॉलिश पेपरने घासून उतरती करावी, नाहीतर गडगडत आलेलं नाणं तिथे ठेचकाळतं. पट्टीची एक बाजू खाली आणि एक वर राहिली तर २५ चं नाणं वरच्या बाजूने निसटतं, तेव्हा दोन्ही टोकांना कॅलिपर लावून मगच टेप दाबावी.

आधी आम्ही कार्डाचे दोन थर रुळावर लावले होते. हिशेबाने तेही बरोबर येतं. पण पहिल्या खिडकीपुढे रूळ दीड मिमी वर चढतो, आणि हलकं नाणं त्या पायरीला धडकून आडवं पडतं. उतारावर रूळ खाली उतरला तर चालतं, वर चढला तर चालत नाही.

आता भरणी. हाताने एकेक नाणं फटीत टाकत गेलात तरी यंत्र उत्तम चालतं. घाई नसेल तर तिथेच थांबावं, असं आमचं प्रामाणिक मत आहे. ओंजळभर नाणी एकदम ओतायची असतील तर अडचण एकच: दोन नाणी पाठीला पाठ लावून एकत्र येतात. रूळ ८ मिमी रुंद, नाणं दीड-दोन मिमी जाड, तेव्हा दोन नाणी आरामात शेजारी मावतात. पुढचं नाणं मागच्याला टेकतं, मागचं खिडकीतून जातं आणि पुढचं आडवं पडून रूळ अडवतं.

यावर स्टडचीच उंची कामाला येते. ८ × ८ च्या गोल प्लेटेवर टाइला बसवून तिचा चेहरा गुळगुळीत करायचा, फक्त तीन ठिकाणी, सारख्या अंतरावर, मध्यापासून कडेकडे जाणारे दोन-दोन स्टड उघडे ठेवायचे. टाइलचा थर सगळीकडे असला तर स्टड त्यात बुडतात, म्हणून त्या तीन ठिकाणी टाइलऐवजी प्लेट लावायची. ही चकती साठ अंशांत तिरपी उभी करायची आणि तिच्या खालच्या अर्ध्या भागाभोवती ठोकळ्यांची वाटी करायची. नाणी वाटीत ओतली की चकती फिरताना स्टडांची जोडी एका नाण्याला खालून उचलते. स्टड १.७ मिमीचा, नाणंही जवळपास तेवढंच जाड. त्याच्यावर बसलेल्या दुसऱ्या नाण्याला आधार मिळत नाही आणि ते घसरून वाटीत परत जातं. चकती घड्याळाच्या दिशेने फिरवली तर नाणं डावीकडून वर चढतं, बाराचा आकडा ओलांडतं आणि दोनच्या आकड्याजवळ सुटतं. तिथे वाटीची कड उघडी ठेवून नाणं रुळावर उतरवायचं.

चाक फिरवायला ८ दात्यांच्या गिअरला हँडल आणि चकतीला ४० दात्यांचा गिअर. दोन ॲक्सलमधलं अंतर तीन स्टड, म्हणजे टेक्निक ठोकळ्याच्या भोकांत नेमकं बसतं. हँडलचे पाच फेरे, चकतीचा एक, नाणी तीन. मिनिटाला साठ फेरे या बेताच्या गतीने छत्तीसपर्यंत नाणी उतरतात, काही जागा रिकाम्या जातात ते सोडून. याहून जोरात फिरवलं की नाणं स्टडवर टिकत नाही. वाटीत एका वेळी तीस-चाळीसपेक्षा जास्त नाणी नकोत. ढिगाचं वजन चकतीवर आलं की ॲक्सल पिळवटतो आणि गिअरचे दात एकमेकांवरून उड्या मारतात, तो कटकट आवाज लगेच ओळखू येतो. चकतीपासून रुळापर्यंतची उडी तीन सेंमीच्या आत ठेवावी. जास्त असेल तर नाणं रुळावर आपटून पुढे जमिनीवर जातं.

चुंबकासाठी थोड्या चिल्लरीला जुन्या स्पीकरचं कडं पुरतं. ते पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नाण्यांत फिरवायचं, बाहेर काढायचं, पिशवी उलटी करून कडं वेगळं काढलं की स्टीलची नाणी पिशवीत राहतात. फार नाणी एकदम चिकटू देऊ नयेत, नाण्यांच्या थप्पीत पितळी नाणं अडकून येतं. जास्त नाण्यांसाठी फिरता रूळ करता येतो. धान्यातल्या तारा-खिळे पकडायला डाळ मिलमध्ये चुंबक वापरतात, तीच कल्पना. ४ × ४ च्या गोल ठोकळ्यांचा व्यास ३२ मिमी. त्यांवर ५ मिमी व्यासाची, २ मिमी जाडीची निओडिमियम चुंबकं टेपने लावून बाहेरून ४० मिमीच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा चढवायचा. जळगावात पाइपचा तुकडा मागितला तर कुणी पैसेही घेत नाही. तिरप्या पत्र्यावरून नाणी या फिरत्या रुळावर येतात, पितळी पुढे पडतात, स्टीलची चिकटून मागे जातात आणि तिथे लावलेली टाइलची धार त्यांना खरवडून काढते. चुंबक आणि नाण्यांचा रूळ यांत दहा सेंमी तरी अंतर हवं. जवळ असलं तर स्टीलचं नाणं खिडकीसमोर येऊनही कलत नाही.

यंत्र दोन वेळा चालवायचं. आधी स्टीलचा ढीग: पहिल्या डब्यात १ रुपया, दुसऱ्यात २३ मिमीचे २ रुपये, तिसऱ्यात २५ मिमीची मिसळ, शेवटी २७ मिमीचे जुने २ रुपये. डबे रिकामे करून मग पितळेचा ढीग: पहिला डबा रिकामा राहायला हवा, दुसऱ्या आणि तिसऱ्यात ५ रुपये, शेवटी १०. बांधणीत काहीही बदल करावा लागत नाही.

२० रुपयांची नाणी ओतण्याआधी हाताने काढून घ्यावीत. हे नाणं बारा कडांचं आहे, आणि बारा सारख्या कडांची वस्तू थांबलेल्या स्थितीतून आपोआप गडगडायला निदान १५ अंशांचा उतार लागतो. आपला उतार साडेआठ. पडण्याच्या जोरावर ते दोन-चार कडा उलटतं आणि रुळावर बसून राहतं. मागची सगळी रांग तुंबते. उतार १५ अंशांवर नेला तर बाकीची नाणी खिडक्या ओलांडून जातात. १९९२ नंतरचं अकरा कडांचं २ रुपयांचं निकेल-तांब्याचं नाणं क्वचित सापडतं, त्याचीही तीच गत. ते चुंबकाला चिकटत नाही, म्हणून पितळेच्या ढिगात लपलेलं असतं.

उरलेले अपवाद. २००७ च्या सुमारास ५ रुपयांचं २३ मिमीचं नाणं स्टीलमध्येही निघालं होतं. ते चुंबकाला चिकटतं आणि २ रुपयांच्या डब्यात येतं, तेव्हा दुसरा डबा एकदा पसरून बघावा. त्याआधीचं ९ ग्रॅमचं जाड ५ रुपयांचं नाणं मात्र पितळेच्या ढिगातून बरोबर ५ च्याच डब्यात जातं. ५० पैसे अजून कायदेशीर चलन आहेत. २०११ च्या मालिकेतले १९ मिमीचे, ते १ रुपयात मिसळतात. तिसऱ्या डब्यातली मिसळ निवडताना सगळी नाणी आकड्याची बाजू वर करून ताटात पसरावीत. अंगठ्याच्या मुद्रेचा किंवा त्याआधीचा कणसांचा १ रुपया लगेच वेगळा दिसतो.

१ रुपयाचा डबा वजनावर मोजायचा विचार असेल तर आणखी एक खिडकी लागेल. २२ मिमीचं नाणं ३.७९ ग्रॅमचं, २० मिमीचं ३.०९. शंभर नाण्यांत हा फरक ७० ग्रॅमचा होतो, म्हणजे मिसळलेल्या डब्यावर तराजूचा उपयोग नाही. सात प्लेटांच्या खिडकीला कार्डाची पट्टी १.४ मिमी लोंबवली की २१ ची खिडकी होते. ती सगळ्यांच्या आधी, सहा-सात स्टडांची. सुरुवातीची कोरी भिंत १२ वरून ८ स्टडांवर आणून मागचं सगळं तेवढं पुढे सरकवावं लागतं. बँकेत भरायची असतील तर १ आणि २ रुपयांची शंभर-शंभरची पाकिटं सोयीची पडतात, त्या वेळी ही खिडकी उपयोगी येते.

बिघाड बहुतेक मळाचे असतात. भज्यांच्या किंवा शेवभाजीच्या गाडीवरून आलेली नाणी तेलकट असतात. ती भिंतीला चिकटत सरकतात आणि चकतीवर जोडीने चढतात. सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या ठिकाणची चिल्लर धुळीने भरलेली असते. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, कापडात चोळून, पूर्ण कोरडी करूनच ओतावीत. ओलं नाणं रुळावर थांबतंच. चिंच किंवा लिंबू लावू नये, पितळी नाण्यांचा रंग जातो आणि ती डोळ्यांना वेगळीच दिसायला लागतात. रूळ आणि भिंत दर दोन-तीनशे नाण्यांनंतर कोरड्या सुती फडक्याने पुसावी. टाइलवर राखाडी पट्टा दिसायला लागला की पुसायची वेळ झाली.

नाणी सतत एक डबा पुढे पडत असतील तर वेग जास्त आहे, सुरुवातीच्या बाजूचा टेकू एक ठोकळा कमी करावा. एक डबा आधी पडत असतील तर गणेशपट्टी वर उचलली गेली आहे, वरचे ठोकळे अंगठ्याने दाबून पुन्हा कॅलिपर लावावा. एकच नाणं कधी या डब्यात, कधी त्या डब्यात जात असेल तर तेच नाणं हातात घेऊन मोजावं. झिजलेल्या किंवा कडेला ठेचलेल्या नाण्याचा व्यास दोन दिशांनी वेगळा येतो, आणि ते ज्या बाजूने गडगडत आलं त्यावर त्याचा डबा ठरतो. अशी नाणी एका वाटीत बाजूला टाकावीत आणि शेवटी हाताने मोजावीत.